एक पोतं ज्वारीची हमी

आमच्या घरात दोन माणसांची गाडी आली तेव्हा घरात माणसं सहा होती. मी, आमचे हे, सासूबाई आणि तीन पोरं. कुणाही शहाण्या माणसानं आधी डोकी मोजली असती. पण आमचे हे पडले वकील. त्यांना युक्तिवाद आधी सुचतो, अक्कल पुढची तारीख मागून घेते.

गाडी तांबडी, बुटकी, विलायती. शर्यतीच्या गाड्यांच्या कुळातली, असं हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. छप्पर कापडी. ते मागं घडी करता यायचं आणि एकदा घडी केलं की सहजासहजी उलगडायचं नाही. नाक इतकं लांब की गल्लीच्या वळणावर आधी नाक दिसायचं आणि बऱ्याच वेळानं हे. होळी झाली की सोलापुरात माणसं भिंतीची सावली धरून चालतात. तिथं उघड्या डोक्याची गाडी घेणारा माणूस एकतर फार श्रीमंत असावा, नाहीतर त्याला घरात कुणी विचारणारं नसावं. आमच्याकडे श्रीमंती नव्हती, आणि विचारणारी मी होते, पण मला सांगितलं कुणी?

घेतली असंही म्हणता येत नाही. एका छोट्याशा संस्थानिकाच्या घरची वाटणीची भांडणं यांनी चार वर्षं कोर्टात चालवली होती. ते घर पार खालावलेलं. शेवटी त्या घरचे धनी, म्हणजे सरकार, म्हणाले, “वकीलसाहेब, फी द्यायला आता काही उरलं नाही. घरातलं काय आवडेल ते न्या.” तिथं पितळी हंडे होते, सागवानी कपाट होतं, एक दुभती म्हैसही होती म्हणे. हे गाडी घेऊन आले.

सासूबाई बाहेर आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, “घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं.” मग त्यांनी गाडीच्या नाकाला हळदकुंकू लावलं, कारण दारात आलेल्या वस्तूला कोरडं ठेवायचं नाही हा त्यांचा नेम होता.

लग्नात नवरीबरोबर पाठराखीण येते, तसा त्या गाडीबरोबर मिस्त्री आला. पन्नाशीचा, सडपातळ, विजापूर वेशीत राहणारा. त्याचे वडील त्याच सरकारांच्या घोड्यांना नाल मारायचे. घोडे गेले, गाडी आली, तेव्हा लेकानं हातोडा ठेवून पाना उचलला. सोलापुरात त्या गाडीचं पोट ओळखणारा तो एकटाच. ओट्याखाली उभं राहून त्यानं यांना सांगितलं, “गाडीची फिकीर करू नका, साहेब. सालाला येक पोतं ज्वारी. मग तिला काय बी होऊ द्या, त्ये माज्या अंगावर.”

आमच्या वकीलसाहेबांना आभाळ ठेंगणं झालं. कोर्टाच्या लायब्ररीत जुनी इंग्रजी मासिकं यायची. त्यात त्यांनी वाचलं होतं की विलायतेत वस्तू घेतली की कंपनी वर्षभराची हमी देते आणि वर्ष संपलं की पैसे भरून ती हमी वाढवून घेता येते. रात्री जेवताना म्हणाले, “ऐकलंस का, जुन्या गाडीवर हमी. आणि दरवर्षी वाढवून मिळणार. लंडनमध्येसुद्धा अशी सोय नाही.”

“लंडनमध्ये ज्वारी पिकत नसेल,” मी म्हणाले.

मी असं म्हणाले त्याला कारण होतं. घरात कोर्टाचे कागद यांचे, देव सासूबाईंचे आणि ज्वारी माझी. माझं माहेर बार्शीचं. वडिलांची तिथं धान्याची आडत. मी पोत्यांच्या थप्प्यांवर खेळून मोठी झाले. दाणा दाताखाली धरला की तो कुठल्या रानातला आणि किती उन्हं खाल्लेला ते मी आजही सांगते. माढ्याजवळ आमचं थोडं रान होतं, वाट्यानं लावलेलं. तिथून सुगीला चार-सहा पोती यायची, ती कोठीत जायची आणि कोठीची किल्ली माझ्या कमरेला. म्हणजे हमी घेणार हे, आणि पोतं जाणार माझं.

तरी मी गप्प बसले. पोती होती तेव्हा. माणूस पोती असताना उदार असतो.

करार स्टँपवर झाला. अकरा कलमं. मिस्त्री ओट्यावर अवघडून बसला होता. म्हणाला, “कागद कशाला, साहेब? आमच्यात कागद न्हाय लागत.” यांनी त्याला कागदाचं महत्त्व समजावून सांगितलं आणि कलमं वाचून दाखवली. चौथं कलम मला पाठ आहे, कारण पुढं त्या कलमानं मला चार तास उन्हात बसवलं. सदर वाहनाच्या यंत्रभागास मिस्त्रीखेरीज अन्य इसमाने हात लावल्यास हमी रद्द समजण्यात येईल. हे कलम मिस्त्रीनं मागितलं नव्हतं. ते यांनीच, स्वतःच्याच विरुद्ध, स्वतःच्या हौसेनं घातलेलं. मासिकात तसं होतं म्हणे. मिस्त्रीनं सगळं ऐकून घेतलं आणि खाली उर्दूत सही केली.

पुढं आठवड्याभरात पाडवा आला. मिस्त्री सकाळी आला, मी पोतं काढून दिलं. त्यानं पोत्यावर हात ठेवला, तोच हात कपाळाला लावला आणि म्हणाला, “सरकारच्या घरनं न्हाय आलं, तुमच्या घरनं आलं. अल्ला भलं करो.” आम्हाला वाटलं, आनंदानं बोलतोय. हे आत येऊन म्हणाले, “बघ, एका पोत्यात वर्षाची काळजी मिटली.”

काळजी मिटली नाही, तिचा वार ठरला. दर रविवारी सकाळी मिस्त्री यायचा, गाडीच्या नाकाखाली शिरायचा आणि दुपारी बाहेर निघायचा. विलायती सुटे भाग सोलापुरात कुठले? आमच्या घरामागं तेलुगू विणकरांची घरं होती. त्यांच्या यंत्रमागांचे टाकून दिलेले पट्टे, दांडे, खिळे यांतून तो काही ना काही घडवायचा. हळूहळू गाडीचा आवाजही मागासारखा यायला लागला. एकदा आमच्या दारात गाडी सुरू केल्यावर मागच्या घरातली म्हातारी बघायला आली की आमच्याकडे कधी माग बसवला.

कोर्ट घरापासून चालत पाच मिनिटांवर. गाडी सुरू व्हायला वीस मिनिटं लागायची, म्हणून कोर्टात हे चालत जायचे. गाडी फक्त रविवारी संध्याकाळी, नव्या पेठेत. डोळ्याला काळा चष्मा, डोक्याला टोपी, शेजारी मी. पोरं पाळीपाळीनं माझ्या मांडीवर, आणि ज्याची पाळी नसेल ते मागं पळत. नव्या पेठेत माणसांच्या गर्दीत गाडी मुंगीसारखी चालायची. कापडाच्या दुकानातले गुमास्ते हातातला कपडा सोडून बघायचे. हे मान ताठ ठेवून बसायचे आणि मी पदर दातात धरून. उघड्या गाडीत नऊ-दहा ओळखीच्या बायका भेटल्या की काय होतं ते पुरुषांना नाही कळायचं. एक तर मला म्हणाली, “वहिनी, चालत का नाही आलात, लवकर पोहोचला असता.” तिचं काही चुकलं नव्हतं.

चौथ्या कलमाची गोष्ट दुसऱ्या वर्षातली. माझ्या भाच्याचं बारसं होतं बार्शीला. पोरं सासूबाईंजवळ ठेवली आणि आम्ही दोघं सकाळी निघालो. वैरागच्या अलीकडे गाडीनं दोन आचके दिले आणि थांबली. आजूबाजूला काळं रान आणि एक लिंबाचं झाड. थोड्या वेळात एक ट्रक आला. ट्रकवाला खाली उतरला, नुसता वास घेतला आणि म्हणाला, “नळीत कचरा आडकलाय. फुंकून देतो, दोन मिन्टाचं काम हाय.”

“हात लावायचा नाही,” हे ओरडले.

ट्रकवाला दचकला. यांनी त्याला कलम चार समजावून सांगितलं. त्या माणसानं सगळं ऐकलं, मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत माझ्याबद्दल एवढी दया होती की मला रडू आलं असतं, पण राग आधी आला. तो निघून गेला. सोलापूरकडे जाणाऱ्या यस्टीच्या कंडक्टरजवळ यांनी मिस्त्रीसाठी चिठ्ठी दिली आणि आम्ही लिंबाखाली बसलो. बारशाला न्यायचा डबा उघडला. बुंदीचे लाडू आणि शेंगाचटणी, पाणी नाही.

“अहो, नुसतं फुंकायचंय,” मी म्हणाले. “मी फुंकते. मी काय अन्य इसम आहे?”

“कायद्यात आहेस,” हे म्हणाले.

चार तासांनी मिस्त्री यस्टीतून उतरला. पिशवी खाली ठेवली, झाकण उघडलं, नळी काढली, फुंकली, लावली. गाडी सुरू. “येवढंच व्हतं, साहेब,” तो म्हणाला. “कुनी बी केलं आस्तं की.” यांनी विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं. “बघितलंस? एक पैसा लागला नाही. हमी म्हणजे हमी.” बार्शीला पोहोचलो तेव्हा पाळण्यातलं बाळ झोपलं होतं, बायका आपापल्या घरी गेल्या होत्या आणि माझ्या भावजयीनं मला एवढंच विचारलं की यस्टीचे पैसे नव्हते का. परतीच्या वाटेवर मी यांच्याशी अक्षर बोलले नाही, आणि यांना ते सोलापूर येईपर्यंत कळलंही नाही.

त्याच साली, बहात्तरात, पावसानं दडी मारली. त्या दुष्काळाबद्दल मी काही नवं सांगणार नाही, सगळ्यांनी सोसलाय. माढ्याच्या रानात ज्वारी गुडघ्याएवढीही झाली नाही, वाटेकऱ्यानं ती कडबा म्हणून उपटून गुरांना घातली. रेशनवर मिलो मिळायचा, परदेशातून आलेलं तांबडं धान्य. त्याची भाकरी थापताना फाटायची आणि खाताना घशात बसायची. हे ती ताटात बघितली की ताट सरकवायचे. म्हणायचे, “ही तिकडे जनावरांना घालतात.” मी म्हणायचे, “विलायती गाडी चालते आणि परदेशी भाकरी चालत नाही का?” सासूबाई बिचाऱ्या काही बोलायच्या नाहीत, पण मिलो खाल्ला की त्यांचं पोट दुखायचं. रात्रभर कुशी बदलायच्या. कोठीत गेल्या सालची दीड पोतं ज्वारी उरली होती. ती मी त्यांच्यासाठी आणि धाकट्यासाठी ठेवली होती आणि रोज दोन ओंजळी काढून पुढच्या सुगीपर्यंत ओढणार होते.

आणि पाडवा जवळ आला.

हमी वाढवायची की नाही, यावर आमच्या घरात आठ दिवस विचार झाला. म्हणजे हे विचार करत होते आणि आम्ही ऐकत होतो. यांनी फुलस्केप कागदाच्या मधोमध रेघ मारली. एका बाजूला वादी, एका बाजूला प्रतिवादी. हमी बंद केली आणि दुसऱ्याच दिवशी गाडीचं काही मोठं मोडलं तर? हमी चालू ठेवली आणि वर्षभर काहीच मोडलं नाही तर?

“मोडलं नाही तर पोतं वाया जाईल,” हे म्हणाले.

“आणि मोडलं तर?”

“तर गाडी वाया जाईल. पण पोतं वसूल होईल.”

“म्हणजे पोतं वसूल व्हायला गाडी मोडायला पाहिजे,” मी म्हणाले.

“तसं नाही गं ते,” म्हणून हे परत कागदाकडे वळले. आठव्या दिवशी कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या तेव्हा सासूबाई माळ ओढता ओढता म्हणाल्या, “गाडी खाते पेट्रोल. मिस्त्री खातो ज्वारी. आपण खातो मिलो. एवढं लिहायला कागद लागतो होय रे?”

मी निकाल दिला. पोतं मिळणार नाही. दीड पोत्यातलं एक गाडीच्या नाकाला ओवाळून टाकायला मी काही खुळी नव्हते. यांनी थोडी कुरकुर केली, पण मनातून सुटल्यासारखं झालं होतं त्यांना, मला चेहऱ्यावरून दिसत होतं. लगेच नोटीस लिहायला बसले. सदर करार येत्या पाडव्यापासून पुढे चालू ठेवण्याचा लिहून देणार यांचा इरादा नाही, वगैरे. मजकूर फार सुरेख होता. पाडव्याला सकाळी गुढी उभारली, कडुलिंब चावला, नोटीस माझ्या हातात दिली आणि कोट चढवून हे बार रूममध्ये निघाले. पाडव्याला कोर्ट बंद असतं हे त्यांना माहीत होतं, मलाही होतं. चांगली बातमी स्वतः द्यायची आणि वाईट बायकोकडून द्यायची, ही त्यांची जुनी वहिवाट.

मिस्त्री नेहमीच्या वेळेला आला. धुतलेले कपडे, डोक्याला पांढरी टोपी. काखेत घडी घातलेलं रिकामं पोतं. “माजंच आनलंय, वैनी,” म्हणाला. “औंदा पोती बी मिळंनात.” वर्षभरात त्याच्या गालाची हाडं वर आली होती. मी त्याच्या पोरांसाठी साखरेची गाठी दिली. मग घसा साफ करून नोटीस वाचून दाखवली. कठीण शब्द मी गाळले, तरी दोनदा अडखळले.

त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मान हलवली. “बरं हाय, वैनी. फुडचं न्हाय तर न्हाय. गाडी तुमची हाय, जुलूम थोडाच हाय.” आणि तो तिथंच उभा राहिला. मला वाटलं, त्याला कळलं नाही. मी परत सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तोच म्हणाला, “पन गेल्या सालाचं?”

“गेल्या सालाचं गेल्या पाडव्याला दिलं की, मिस्त्री.”

“त्ये त्याच्या आदल्या सालाचं,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही, मुलाला शिकवावं तसं सांगितलं. “काम आदी, दानं मागनं. माजा बाप सालभर नाल मारायचा आन् सुगी झाली की सरकारच्या खळ्यावर पोतं घ्यायचा. आमच्यात आसंच हाय.”

“आणि पहिलं पोतं? तेव्हा तर गाडी नुकतीच आली होती.”

“त्ये सरकारच्या घरचं ऱ्हायलेलं व्हतं. त्यांनी दिलं न्हाय. तुमी दिलंत. मला वाटलं, साहेबांनी गाडी घेतली, तिचं देनं बी घेतलं. म्हनून तर म्हनलो मी तवा.”

सरकारच्या घरनं नाही आलं, तुमच्या घरनं आलं. मला तो पोत्यावर ठेवलेला हात आठवला.

मला राग आला तो माझाच. मी काय शहरात वाढलेली मड्डम होते? लहानपणी वडिलांबरोबर मी कितीतरी खळ्यांवर गेलेय. मळणी झाली की सुतार यायचा, लोहार यायचा, कुंभार यायचा. ज्यानं पेरणीआधी नांगराला फाळ लावला तो सुगीला आपली रास घेऊन जायचा. बलुतं झालेल्या कामाचं असतं, व्हायच्या कामाचं नसतं, हे शेंबड्या पोराला माहीत असतं. पण गाडी विलायती, यांचं मासिक इंग्रजी, शब्द ‘हमी’, म्हणून मी बार्शीच्या आडत्याची मुलगी विलायतेसारखा विचार करायला लागले. वर्षभर हा माणूस दर रविवारी आमच्या गाडीखाली झोपला होता, वैरागच्या रानात यस्टीनं आला होता, ते सगळं उधारीवर, आमच्या भरवशावर. आणि आम्ही आठ दिवस चर्चा करत होतो की त्याच्यावर भरवसा ठेवावा की नाही.

“घरी सांगून आलोय,” मिस्त्री चपलेकडे बघत म्हणाला, “येताना ज्वारी आनतो म्हनून. आई चूल सारवून बसलीया. मिलो सोसंना तिला.”

दाराआडून सासूबाई सगळं ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या नाहीत. आतूनच म्हणाल्या, “त्याचं त्याला देऊन टाक गं. माझ्या पोटाला ओवा आहे.”

मी कमरेची किल्ली काढली. भरलेलं पोतं होतं तेच दिलं. तोंड सोडून त्यातली एक मूठ काढून घ्यायचं माझ्या मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू? पण नाही काढली.

आता ते न्यायचं कसं? सण, हमाल गावाला गेलेले, रिक्षावाला पोतं घ्यायला तयार नाही. मी म्हणाले, “गाडीतून न्या.” मिस्त्री नको नको म्हणत होता. मी दार उघडून दिलं. पोतं माझ्या जागेवर बसवलं, पडू नये म्हणून चऱ्हाटानं बांधलं. आणि काय सांगू, जी गाडी यांच्या हातात वीस मिनिटं खोकायची ती त्या दिवशी हँडलच्या दुसऱ्या फेरीला सुरू झाली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं कामाचं काही वाहिलं.

हे काही बार रूममध्ये नव्हतेच. नव्या पेठेच्या तोंडाशी दोन पक्षकारांबरोबर उसाचा रस पीत उभे होते. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांची तांबडी गाडी गेली. चालवतोय मिस्त्री आणि शेजारी बायकोच्या जागी ज्वारीचं पोतं. पक्षकार काय म्हणाले ते यांनी मला कधी सांगितलं नाही. दहा मिनिटांत धापा टाकत घरी आले.

“निकाल ठरला होता,” म्हणाले. “नोटीस दिली नाहीस?”

“दिली. वाचूनही दाखवली. आता तुम्ही तुमचा करार वाचा. पोतं गेल्या सालाचं की पुढच्या, ते त्यात कुठं आहे तेवढं मला दाखवा.”

आणि मी मिस्त्री काय बोलला ते सांगितलं. यांनी स्टँपचा कागद काढला. चष्मा लावून एकेक कलम वाचलं. परत वाचलं. हात कुणी लावायचा, वेग किती ठेवायचा, गाडी कुणाला उसनी द्यायची नाही, सगळं होतं. दर पाडव्यास एक पोते ज्वारी, एवढंच होतं. ते कुठल्या वर्षाचं, हे अकरा कलमांत नव्हतं.

यांनी कागदाची घडी घातली. मग खालच्या आवाजात म्हणाले, “कागद संदिग्ध असला की ज्यानं तो लिहिला त्याच्या विरुद्ध अर्थ लावायचा असतो. मी पंधरा वर्षं कोर्टात हेच सांगतोय.” आणि मग म्हणाले, “लाज वाटते गं मला.” यांच्या तोंडून हे वाक्य मी संसारात त्यापूर्वी ऐकलं नव्हतं. मी उठले. पान वाढलं. सणाचं गोड म्हणून गुळाचा शिरा आणि मिलोची भाकरी. यांनी ताट सरकवलं नाही. दुसरी भाकरी मागून घेतली आणि पाण्याच्या घोटाबरोबर उतरवली.

संध्याकाळी मिस्त्री पायी परत आला. गाडी त्याच्या दारात बंद पडली होती. “उद्या करतो नीट,” म्हणाला. “कायतरी आत तुटलंय.”

हे ओट्यावरून खाली उतरले. “मिस्त्री, तू ती नोटीस ऐकलीस ना? आता करार नाही आपला. आणि खरं सांगतो, पुढच्या पाडव्याला द्यायला घरात काही असेल असं वाटत नाही.”

“फुडच्या पाडव्याचं कुनाला सांगता येतंय, साहेब?” मिस्त्री म्हणाला. “गाडी माज्या दारात हाय. पाऊस पडला तर द्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हे विजापूर वेशीत गेले आणि दुपारपर्यंत रस्त्यावर उकिडवे बसून मिस्त्रीला पाने देत राहिले. चौथं कलम त्यांनीच मोडलं. दुरुस्ती होता होता पेट्रोल महाग झालं, मग गाडीचं आणखी काही तुटलं, आणि ते वर्षभर गाडी मिस्त्रीच्या दारातच राहिली. दर रविवारी तो तिच्या पोटात शिरायचा. ती चालणार नाही हे आता आम्हा सगळ्यांना कळलं होतं. हमी वाढवायची की नाही यावर पुन्हा कुणी कागद घेतला नाही.

पाऊस पडला. पुढच्या सुगीला माढ्याहून बैलगाडीनं पाच पोती आली. वाटेकरी पहिलं पोतं पाठीवर घेऊन ओट्याकडे वळला, तसे हे म्हणाले, “ते आत नको. ते मिस्त्रीचं.” मी कोठीची किल्ली हातात घेऊन उभी होते, ती तशीच राहिले. पाडवा अजून तीन आठवडे लांब होता. पोतं हातगाडीवर चढवलं, आणि हातगाडीच्या मागून, डोळ्याला काळा चष्मा लावून, आमचे वकीलसाहेब चालत विजापूर वेशीकडे गेले.